दहाव्या वर्षी सुळा चाचपताना

दाढ ठणकली की मूल घर डोक्यावर घेते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला दवाखान्यात नेते. या पुस्तिकेतला दात मात्र दुखत नाही, सुजत नाही, किडतही नाही. तो हाडात तिरपा होऊन पडून राहतो. कधी कधी शेजारच्या धडधाकट दाताचे मूळ झिजवत राहतो आणि तेव्हाही मुलाला त्याची जाणीव होत नाही. हा दात म्हणजे वरच्या जबड्यातला कायमचा सुळा. अक्कलदाढेखालोखाल हाडात अडकून राहण्याचे प्रमाण याच दाताचे अधिक. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत ते शंभरात एक ते तीन असे आढळले आहे, आणि मुलींत ते मुलांच्या जवळपास दुप्पट दिसते. पन्नास मुलांचा पट असलेल्या वर्गात असे एखादे मूल असू शकते, असा याचा ढोबळ अर्थ.

दुखणे नाही म्हणून दाखवणे नाही, हा आपल्याकडचा रिवाज. सुळ्याच्या बाबतीत तोच नडतो. दहाव्या-अकराव्या वर्षी लक्षात आले, तर पुष्कळदा दुधाचा एक दात काढण्यावर भागते. तीच गोष्ट सोळाव्या वर्षी उघडकीला आली, तर शस्त्रक्रिया, दाताला साखळी आणि दीड-दोन वर्षे तारा. दोन्ही वेळी दात तोच असतो, मध्ये फक्त पाच-सहा वर्षे गेलेली असतात. ती वाचवायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. ओठाखाली फिरणारे एक बोट पुरते, पण ते योग्य वयात फिरायला हवे. ही पुस्तिका पालक, शिक्षक आणि आशाताईंसाठी आहे, आणि तिचे सारे म्हणणे एवढेच आहे.

आधी या दाताचा प्रवास समजून घेऊ. मूल चार-पाच महिन्यांचे असते, तेव्हाच वरच्या कायमच्या सुळ्याची घडण सुरू होते. सहा-सात वर्षांपर्यंत त्याचा माथा पुरा होतो, पण त्या वेळी तो नाकाच्या तळाशी, हाडात खूप वर असतो. तिथून हिरडीपर्यंत त्याला दोन सेंटिमीटरहून अधिक अंतर उतरायचे असते. तोंडातला दुसरा कोणताही दात एवढी लांब वाट चालत नाही. शिवाय तो पोहोचतो उशिरा. वरचे पटाशीचे दात सात ते नऊ वर्षांत येतात, पहिली उपदाढ दहा-अकराव्या वर्षी, आणि सुळा साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी. खालचा सुळा नवव्या-दहाव्या वर्षीच येऊन गेलेला असतो आणि तो अडकण्याचे प्रमाणही फार कमी असते. म्हणून इथला सगळा भर वरच्या सुळ्यांवर आहे.

एवढी लांब वाट सुळा उतरतो तो शेजारच्या दाताच्या आधाराने. मधल्या दोन मोठ्या पटाशींच्या बाजूला एकेक लहान पटाशी असते. प्रवरेच्या पाटाचे पाणी जसे बांधाला धरून वाहते, तसा सुळा या लहान पटाशीच्या मुळाला धरून खाली सरकतो; बांध तोकडा किंवा मोडका असला की पाणी भलतीकडे जाते. लहान पटाशी जन्मतःच नसेल, खुंटीसारखी बारीक असेल किंवा तिचे मूळ आखूड असेल, तर सुळा टाळूच्या बाजूला भरकटण्याची शक्यता वाढते. जेरुसलेमचे एड्रियन बेकर यांनी हे मत आग्रहाने मांडले. उलट शेल्डन पेक, लीना पेक आणि मात्ती कताया यांनी 1994 साली असा युक्तिवाद केला की टाळूकडे सरकलेला सुळा मुळात आनुवंशिक आहे. बारीक पटाशी, न उगवलेले दात आणि वाट चुकलेला सुळा ही एकाच वारशाची वेगवेगळी रूपे आहेत. या वादाचा निकाल आपल्याला लावायचा नाही. दोन्ही बाजू खऱ्या मानल्या तरी करायचे काम एकच निघते. मुलाची लहान पटाशी नीट पाहायची, आणि आई-बापांपैकी किंवा थोरल्या भावंडांपैकी कोणाचा सुळा अडकला होता का, हे विचारायचे.

सुळा दोन तऱ्हांनी वाट चुकतो. पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची. जबड्यात जागा कमी पडते, सुळा ओठाच्या बाजूला वरच्या वर फुटतो आणि लोक म्हणतात, ‘दातावर दात आलाय.’ हे दिसते म्हणून त्याची दखल घेतली जाते, निदान लग्नाचे वय जवळ आले की तरी. दुसरी तऱ्हा फसवी. इथे सुळा टाळूच्या बाजूला, हाडाच्या आत राहतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. जॅकोबी यांनी 1983 साली दाखवलेली गोष्ट अनेक दंतवैद्यांनाही अनपेक्षित वाटली होती. टाळूकडे अडकलेल्या सुळ्यांपैकी सुमारे 85 टक्के सुळ्यांना यायला जबड्यात पुरेशी जागा होती. म्हणजे दात सरळ आहेत, दाटी नाही, हसणे छान आहे, म्हणून निश्चिंत राहावे, असे नाही. ज्या मुलाकडे कोणी दंतवैद्याच्या नजरेने पाहणार नाही, नेमका त्याचाच सुळा लपलेला असू शकतो.

या वयातली आणखी एक गोष्ट पालकांना गोंधळात टाकते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पटाशींमध्ये फट दिसते, बाजूच्या पटाशी बाहेर फाकलेल्या असतात. फोटोत मूल ओठ मिटून बसते, आणि घरात तारांची चर्चा सुरू होते. 1937 साली ब्रॉडबेंट यांनी या अवस्थेचे वर्णन केले आणि तिला कुरूप बदकाच्या पिल्लाची अवस्था असे नाव पडले. हाडात वर असलेले सुळे बाजूच्या पटाशींच्या मुळांवर दाब देत असतात, म्हणून त्या पटाशींची टोके बाहेर फाकतात. सुळे खाली उतरले की फट बहुधा आपोआप भरते. या काळात घाईने तारा लावून पटाशी सरळ करायला गेले, तर त्यांची मुळे सुळ्याच्या माथ्यावर ढकलली जाऊन इजा होऊ शकते. म्हणजे आठव्या वर्षीची फट हा सहसा चांगला संकेत असतो. बाराव्या वर्षी ती तशीच असेल आणि सुळ्यांचा पत्ता नसेल, तर मात्र तिचा अर्थ बदलतो.

आता बोटाचे काम. हात साबणाने धुवावेत. मुलाला उजेडात बसवून वरचा ओठ हलकेच उचलावा. दुधाच्या सुळ्याच्या वर, जिथे हिरडी संपून ओठाचा मऊ भाग सुरू होतो, तिथे तर्जनीने दाबून पाहावे. दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन बोटांनी चाचपले, तर फरक चटकन कळतो. गुळगुळीत, कठीण, गोलसर उंचवटा लागला, तर सुळा बहुधा योग्य वाटेवर आहे. मग टाळूकडून बोट फिरवावे. तिथे उंचवटा लागला, तर तो दाखवायलाच हवा. एक सावधगिरी मात्र हवी. दुधाच्या सुळ्याचे स्वतःचे मूळही बोटाला उंचवट्यासारखे लागते. तो उंचवटा अरुंद आणि खालच्या अंगाला असतो, कायमच्या सुळ्याचा वर आणि रुंद. चार-सहा मुलांना तपासले की बोटाला हा फरक कळू लागतो.

न लागलेला प्रत्येक सुळा बिघडलेला नसतो, हेही तितकेच ठामपणे सांगायला हवे. स्वीडनमध्ये सुने एरिक्सन आणि यूरी कुरोल यांनी 505 शाळकरी मुलांची पाहणी केली आणि 1986 साली ती प्रसिद्ध केली. दहाव्या वर्षी 29 टक्के मुलांत सुळा हाताला लागत नव्हता. अकराव्या वर्षी हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले, आणि पुढे 3 टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे दहाव्या वर्षी न लागलेले बहुतेक सुळे वर्षभरात खाली येतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना काहीच लागत नसेल आणि मूल नुकतेच दहाचे झाले असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, घाबरू नये. एका बाजूला स्पष्ट लागतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. वयापेक्षा हा उजव्या-डाव्यातला फरक अधिक बोलका असतो.

बाकीच्या खुणाही अशाच साध्या आहेत. एका बाजूचा दुधाचा सुळा पडून सहा महिने झाले आणि दुसरा अजून घट्ट आहे. बारा वर्षे उलटली तरी दुधाचा सुळा हलत नाही. लहान पटाशी एकीकडेच कलली आहे, वळली आहे किंवा हलू लागली आहे. ती पटाशी खुंटीसारखी आहे किंवा उगवलेलीच नाही. ओठ-टाळू फाटलेल्या स्थितीत जन्मलेल्या मुलात तर, शस्त्रक्रिया झालेली असली तरी, सुळ्याकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवे, कारण त्याच्या उतरण्याच्या वाटेवरच हाड अपुरे असते. यातली एकही खूण ओळखायला पदवी लागत नाही.

शंका आली की पुढचे काम दंतवैद्याचे. क्ष-किरण चित्र सरसकट सगळ्या मुलांचे काढायचे नसते, आणि दहा वर्षांच्या आत तर फारच क्वचित. आधी बोट, मग चित्र, हा क्रम आहे. संपूर्ण जबड्याचे एक ओपीजी चित्र बहुधा पुरते. सुळा ओठाकडे आहे की टाळूकडे, हे ठरवण्याची युक्ती क्लार्क यांनी 1910 साली सांगितली आणि ती आजही चालते. क्ष-किरणांची नळी बाजूला सरकवून दोन चित्रे घ्यायची. सुळा नळीच्या दिशेनेच सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलट दिशेने सरकला तर ओठाकडे. शेजारच्या मुळाची झीज होत असल्याची शंका असेल, तेव्हा सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र उपयोगी पडते. एरिक्सन आणि कुरोल यांनीच पुढे 2000 साली सीटी वापरून दाखवले की साध्या चित्रांत न दिसणारी झीज प्रत्यक्षात बरीच अधिक असते. भरकटलेले सुळे असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांत शेजारच्या पटाशींच्या मुळांवर त्यांना परिणाम दिसला.

उपाय कधी सोपा असतो, हेही याच जोडीने दाखवले. त्यांच्या 1988 च्या अभ्यासात दहा ते तेरा वर्षांच्या 35 मुलांचे टाळूकडे सरकलेले 46 सुळे होते. केवळ दुधाचा सुळा काढल्यावर 46 पैकी 36, म्हणजे 78 टक्के, सुळे आपणहून योग्य वाटेवर आले. त्यातही सुळ्याचा माथा लहान पटाशीच्या मध्यरेषेच्या अलीकडे असेल, तर यश 91 टक्के. मध्यरेषा ओलांडून पुढे गेला असेल, तर 64 टक्के. काही मिलिमीटरचा हा फरक, आणि ते मिलिमीटर म्हणजे वाट पाहण्यात गेलेले महिने. नंतरच्या अभ्यासांनी हे आकडे वर-खाली केले, जबड्यात जागा करण्याची जोड दिली, पण लवकर लक्षात येण्याचे मोल कोणी कमी केलेले नाही. दात काढल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा पाहायचे असते. वर्षभरात सुळ्याने दिशा बदलली नाही, तर दुसरा मार्ग धरावा लागतो.

तो मार्ग म्हणजे हिरडी उघडून सुळ्याला बटण आणि बारीक साखळी चिकटवणे आणि तारांच्या आधाराने त्याला हळूहळू खाली ओढणे. हा उपचार चांगला आहे आणि बहुधा यशस्वीही होतो, पण तो लांबतो, महाग पडतो आणि महिन्या-महिन्याला फेऱ्या मागतो. वय वाढले की सुळा हाडाला चिकटून बसण्याची शक्यता वाढते; मग तो ओढला तरी येत नाही. कृत्रिम दात हाडात रोवायचा, तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. आणि दुधाचा सुळा तसाच राहू दिला, तर तो तिशी-चाळिशीपर्यंत टिकेलही, पण त्याचे मूळ आखूड असते. तो पडला की ऐन उमेदीत तोंडाच्या कोपऱ्यात खिंडार पडते. सुळ्याचे मूळ सगळ्या दातांत लांब असते, आणि जबडा बाजूला सरकताना मागच्या दाढांवरचा भार तोच पेलतो. म्हणून हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. 2024 साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि लोकांच्या तोंडी जे अजून नगरच आहे, तो क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. 14 तालुके, आणि 2011 च्या जनगणनेनुसार 45 लाखांहून अधिक माणसे. दंतवैद्यकीय शिक्षणात तो मागे नाही. प्रवरा परिसरात, जिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच लोणीत आज ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. संगमनेरजवळ घुलेवाडीला एक आहे. नगरजवळ वडगाव गुप्ताला एक आहे. दात सरळ करणारे आणि लहान मुलांचे दात पाहणारे विशेषज्ञ जिल्ह्याबाहेर शोधावे लागत नाहीत. अडचण आहे ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची. लोणी आणि संगमनेर उत्तरेला. जामखेडच्या मुलाला नगर गाठायलाच सुमारे 75 किलोमीटर. न दुखणाऱ्या दातासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तिथवर जायला आई-बापांना सबळ कारण हवे. ते कारण गावातच, बोटाने, कळायला हवे.

ते कळवायला माणसेही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची फिरती पथके वर्षातून एकदा शाळेत येतात, आणि दातांचे आजार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथकातले डॉक्टर आयुषचे असतात, दंतवैद्य नसतात, आणि एका दिवसात त्यांना पुष्कळ मुले पाहायची असतात. तोंड उघडायला सांगितले की कीड दिसते. हाडातला सुळा दिसत नाही, तो चाचपावाच लागतो. प्रत्येक मुलामागे अर्धा मिनिट अधिक, आणि तेही फक्त नऊ ते बारा वर्षांच्या मुलांपुरते, एवढीच ही मागणी आहे.

हे कमी शिकलेल्या माणसांना जमेल का, अशी शंका निदान या जिल्ह्यात तरी कोणी घेऊ नये. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, बहुतेक शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. गरोदर बाई, जुलाबाने कोमेजलेले मूल, कुष्ठाचा चट्टा, क्षयाचा खोकला हे ओळखायला त्या शिकल्या आणि जगभरचे डॉक्टर ते पाहायला जामखेडला आले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निदानाचा पहिला टप्पा गावात आणि पुढचा दवाखान्यात, ही वाटणी जामखेडने घालून दिलेलीच आहे. सुळ्याला ती तंतोतंत लागू पडते.

वेळेचे गणित मात्र इथल्या जगण्याशी जुळवून घ्यावे लागेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तपासणी डिसेंबर-जानेवारीत झाली, तर आई-बापांबरोबर फडात गेलेली मुले त्या दिवशी शाळेच्या पटावर असतात, वर्गात नसतात. म्हणून चाचपणी जून-जुलैत, शाळा उघडताच व्हावी. हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांची दुसरी पाहणी हिवाळ्यात करता येते. अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळांत मुले वर्षभर एका ठिकाणी असतात, त्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे तिथे सर्वांत सोपे.

दोन गोष्टी करू नयेत, त्या आत्ताच सांगून ठेवतो. सुळा हाताला लागला नाही म्हणून कोणी घरी किंवा बाजारात बसणाऱ्याकडून मुलाचा दुधाचा दात उपटून घेऊ नये. कोणता दात, कधी काढायचा, आणि मुळात काढायचा की नाही, हे चित्र पाहूनच ठरते. आणि मुलाला, विशेषतः मुलीला, ‘तुझा दात अडकलाय’ असे चारचौघांत सांगू नये. वर्गात चिठ्ठी वाचून दाखवण्यापेक्षा ती पालकांच्या हातात द्यावी.

पुढच्या पानांत चाचपणीची रीत चित्रांसह दिली आहे, वयानुसार काय लागायला हवे याचा तक्ता आहे, आणि शेवटी एक नोंदपत्र आहे. त्यात उजवा सुळा, डावा सुळा, लागला की नाही, टाळूकडे काही आहे का, आणि तारीख एवढेच लिहायचे आहे. हे नोंदपत्र शाळेच्या कपाटात राहू नये, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवीला शेजारच्या गावचे विद्यालय, अशी वाटणी आहे. सुळा चाचपायचे वय आणि शाळा बदलायचे वय एकच येते. चौथीच्या गुरुजींनी ‘डावा लागत नाही, सहा महिन्यांनी पाहा’ असे लिहून ठेवले, आणि सहा महिन्यांनी मूल दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईंच्या वर्गात असले, तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर हे नोंदपत्रही नव्या शाळेत जावे आणि पाचवीच्या वर्गशिक्षकांनी पहिल्या महिन्यात ते उघडून पाहावे. मुख्याध्यापकांनी एवढी एक शिस्त लावली, तर बाकीचे काम बोट आणि दवाखाना मिळून पार पाडतील.